वळण लावणारी माणसं

इतिहासावर बोलायला बसलं की आपण राजे, लढाया, तह आणि किल्ले यांच्यावर बोलतो. आजचा विषय त्या मानाने फारच साधा आहे: डोंगरातली हातभर रुंद मातीची वाट. ती कोण पाडतं, कोण सांभाळतं आणि कोण बिघडवतं, एवढंच आज बघायचं आहे. त्यासाठी मी तुम्हाला सह्याद्रीत नेणार नाही. आज आपण दिल्लीला जाणार आहोत.

तुम्ही म्हणाल, दिल्लीत कुठला आलाय डोंगर? आहे. अरवलीची रांग गुजरातेतून निघते, राजस्थान ओलांडते, हरयाणात शिरते आणि सुमारे ७०० किलोमीटर चालून दिल्लीत येऊन संपते. ही जगातल्या अतिशय जुन्या डोंगररांगांपैकी एक. हिमालय तिच्यापुढे अगदीच पोरसवदा. वारा-पावसाने झिजून झिजून तिची उंची इतकी उतरली आहे की समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपासचं टेकाड म्हणजे दिल्लीकरांना मोठा डोंगर वाटतो. शहरातल्या या शेवटच्या टोकाला ते 'रिज' म्हणतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ इथे नाही. इथला दगड गारगोटीच्या जातीचा, कडक, तांबूस-करडा. आणि त्या दगडांच्या मधे अडकून राहिलेली माती अगदी थोडी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट या थोड्याशा मातीची आहे.

या रिजवर एक मराठी नाव अजून नांदतं आहे. दिल्लीत 'हिंदुराव हॉस्पिटल' नावाचं मोठं रुग्णालय आहे आणि जवळच 'बाडा हिंदुराव' नावाची वस्ती. हे हिंदुराव म्हणजे कागलकर घाटगे घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर नावाचा कंपनीचा बडा अधिकारी १८३५ साली दिल्लीत मारला गेला. रिजवरचं त्याचं घर पुढे हिंदुरावांनी घेतलं. १८५७ च्या उठावाआधीच ते वारले, पण त्या जून महिन्यात इंग्रज फौज रिजवर चढून बसली, तेव्हा तिच्या मोर्च्याचं एक टोक याच घरात होतं. सप्टेंबरपर्यंत तिथे तोफा धडधडत होत्या. जवळच अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून उचलून रिजवरच्या आपल्या शिकारवाड्यात आणवला होता. म्हणजे बघा, सम्राटाचा स्तंभ, सुलतानाची शिकार, मराठा सरदाराचा वाडा आणि कंपनीच्या तोफा, सगळं एका टेकाडावर. आणि या प्रत्येकाने तिथे आपापल्या वाटा पाडल्या.

इंग्रजांना पुढे हे उघडंबोडकं टेकाड नव्या राजधानीच्या पाठीमागे हिरवं दिसायला हवं होतं. १९११ साली राजधानी दिल्लीला हलवायचं ठरलं आणि पाठोपाठ रिजचा काही भाग राखीव जंगल झाला. भराभर वाढणारं झाड म्हणून अमेरिका खंडातून आलेली विलायती कीकर लावली गेली. आपल्याकडे हिलाच वेडी बाभूळ म्हणतात. इतकी फोफावली की इथल्या धौ, पळस, सालई यांना जागा उरेना. या काटेरी झाडाची आठवण ठेवा, ते पुढे आपल्या कामाला येणार आहे.

दक्षिणेकडे, म्हणजे गुरगाव आणि फरिदाबादच्या बाजूला, डोंगराचा इतिहास वेगळा. तिथे गुज्जरांची गावं. मांगर गावाजवळ 'मांगर बनी' आहे. बनी म्हणजे आपल्या भाषेत देवराई. बाबांच्या नावाने राखलेलं रान. फांदी तोडायची नाही, हा गावाचा शब्द. दाट धौचं ते जंगल दिल्लीच्या परिसरात अरवली मुळात कशी होती याचा शिल्लक राहिलेला पुरावा आहे. बनीच्या बाहेर मात्र गुरांच्या वाटा, शेळ्यांच्या वाटा, आणि नंतर खाणींच्या डंपरांच्या वाटा. दिल्लीला बांधायला जी खडी आणि जी वाळू लागली तिचा मोठा हिस्सा या डोंगरांनी दिला. खाणी इतक्या खोल गेल्या की जमिनीतलं पाणी लागून त्यांची तळी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली या पट्ट्यातल्या खाणकामाला चाप लावला आणि २००९ साली फरिदाबाद, गुरगाव आणि मेवात इथलं खाणकाम थांबवलं. राजस्थानात काय झालं तेही ऐका: २०१८ साली त्याच न्यायालयापुढे आलेल्या अहवालात १२८ पैकी ३१ टेकड्या नाहीशा झाल्याची नोंद होती.

तर डंपर गेले. शेळ्या कमी झाल्या. मागे राहिलेल्या वाटांवर नवी माणसं आली: गुरगावच्या काचेच्या इमारतींमधून शनिवार-रविवारी सुटणारे सायकलस्वार. जाड नक्षीदार टायर, पुढे झटके खाणारा काटा, डोक्यावर हेल्मेट. या सायकलला 'माउंटन बाइक' किंवा नुसतंच 'एमटीबी' म्हणतात.

या सायकलचा इतिहास फार जुना नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन कौंटीत काही उनाड पोरं जुन्या, जड सायकली डोंगरावर चढवून धुळीच्या उतारावरून सोडत. १९७६ साली त्यांनी तिथे शर्यत सुरू केली. तिचं नाव 'रीपॅक', कारण एका उतारात मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. पाच-दहा वर्षांत सायकली वाढल्या आणि भांडणंही वाढली. चालणारे म्हणाले, हे आमच्या अंगावर येतात. घोडेवाले म्हणाले, घोडी बुजतात. वनखातं म्हणालं, वाटा उखडतात. अरुंद वाटांवर सायकलींना बंदी आली. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी मिळून १९८८ साली एक संघटना काढली. तिने आपल्याच लोकांना नियम घालून दिले: वाटेवर राहा, माग सोडू नका, चालणाऱ्याला आधी जाऊ द्या, जनावरांना घाबरवू नका. आणि त्याबरोबर फावडी हातात घेतली. जो वाट वापरतो त्याने ती दुरुस्तही करायची, हा विचार तिथून जगभर गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. वाट वळते का?

सरळ चढ माणसाला दमवतो, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर पाण्याचं आहे. डोंगरावर पडलेला पाऊस खाली जायला सरळ रस्ता शोधतो. वाट जर सरळ उतारावरून उतरत असेल तर ती वाट राहत नाही, ओढा होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची माती वाहून न्यायची ताकद कितीतरी पटींनी वाढते. म्हणून वाट डोंगराला आडवी काढतात आणि दिशा बदलायची तिथे वळण देतात. वाट बांधणाऱ्यांचा एक साधा हिशेब आहे: वाटेचा चढ हा ज्या उतारावरून ती जाते त्याच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि सरासरीने शंभर फुटांत दहा फुटांपेक्षा जास्त चढू नये. वाट खालच्या बाजूला किंचित कललेली ठेवायची, म्हणजे पाणी तिच्यावरून न धावता आडवं ओलांडून जातं. मधे मधे वाटेला छोटासा खळगा देऊन पुन्हा चढवायची, तिथे पाणी बाहेर पडतं.

हे कॅलिफोर्नियाच्या इंजिनियरांचं ज्ञान आहे असं समजू नका. आपल्या घाटवाटा बघा. डोंगराच्या कलाने, वळसे घेत उतरणाऱ्या या वाटांवरून शतकानुशतकं बैलांचे तांडे गेले. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा होता अशी आपल्याकडची समजूत आहे. खरंखोटं बाजूला ठेवा, पण वाटेला खर्च येतो आणि तो कुणीतरी भरायचा असतो, हे त्या समजुतीमागचं शहाणपण पक्कं आहे. बोरघाटात गोऱ्या इंजिनियरांना वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराची लोककथा तुम्हाला माहीत आहेच. डोंगर कुठे चढू देतो, हे जनावरांमागे फिरणाऱ्याला आधी कळतं. अरवलीत सायकली चालतात त्या वाटाही पुष्कळशा गुराख्यांच्याच आहेत.

आता एक सायकलस्वार भरधाव उतरतो. समोर वळण येतं. वळणावर ब्रेक लावावा लागतो. आतल्या बाजूने सरळ गेलं तर दोन सेकंद वाचतात. हल्ली त्याला आणखी एक कारण मिळालं आहे. 'स्ट्राव्हा' नावाचं ॲप २००९ साली आलं. ते प्रत्येक तुकड्याची वेळ मोजतं आणि सगळ्यांची यादी लावतं. वळण कापलेलं त्याला सहसा कळत नाही, वेळ मात्र कळते. म्हणजे दोन सेकंदांसाठी यादीत तीन नंबर वर.

त्याचा टायर जिथून गेला तिथे गवत चेपलं. मागचा स्वार अनोळखी आहे, त्याला दोन माग दिसतात. तो सरळ दिसणारा धरतो. दहा-वीस चाकं गेली की गवत मेलं. जुलैत पाऊस आला. दिल्लीचा वर्षाचा पाऊस आपल्या कोकणाच्या मानाने किरकोळ, ७०० मिलिमीटरच्या आसपास, पण त्यातला बहुतेक दोन-तीन महिन्यांत आणि थोड्याच दिवसांत कोसळतो. पाण्याला सरळ उतार मिळाला. एका पावसाळ्यात बोटभर चर, दुसऱ्या पावसाळ्यात वीतभर. मग चर फार खोल झाला म्हणून सायकली त्याच्या बाजूने जाऊ लागतात आणि वाट तीन माणसं शेजारी चालतील इतकी रुंद होते. दगडांमधली ती थोडीशी माती खाली जाते. ती तिथे जमायला किती काळ लागला असेल याचा हिशेब माणसाच्या आयुष्यात बसत नाही.

म्हणून काही लोक कुदळी घेऊन जातात. मी नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं गुरगावात राहिलो, तेव्हा हे काम जवळून पाहिलं. पावसाळा संपून जमीन अजून थोडी ओली असते तो यांचा हंगाम. कोरड्या अरवलीत कुदळ लागत नाही, ठिणगी उडते. पाच-सहा जण पहाटे येत. कुणी बँकेतला, कुणी संगणकवाला, एक साठीचे निवृत्त गृहस्थ. कुदळ, फावडं, घमेलं, कोयता आणि जाड हातमोजे. खळग्यात साचलेली माती काढून पाण्याला बाहेरची वाट करून द्यायची. वळणावर बाहेरच्या बाजूला दगड रचून कड पक्की करायची. आणि मग कापलेलं वळण बंद करायचं.

बंद कसं करतात, त्यात खरी अक्कल आहे. फक्त तोंडाशी चार दगड ठेवले तर स्वार त्यांना वळसा घालून जातो. पाटी लावली तर ती आठवड्यात गायब होते. म्हणून आधी चेपलेली जमीन कुदळीने खणून खरबरीत करायची, म्हणजे पाणी मुरतं आणि गवताचं बी धरतं. मग त्या पूर्ण लांबीवर विलायती कीकरच्या सुक्या फांद्या अंथरायच्या. ज्या झाडाने इथलं रान गिळलं, त्याचेच काटे रान राखायला. आपल्याकडे शेतकरी बांधावरची नको असलेली पायवाट बोरी-बाभळीच्या फांद्या टाकून मोडतो, अगदी तसंच. वरच्या वळणावरून खालची वाट दिसू नये याची काळजी घ्यायची, कारण खालची वाट दिसली की मोह होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ वळण चांगलं करायचं. पुष्कळदा लोक वळण कापतात ते वळणावरच खडी साचलेली असते म्हणून. सरळ मार्ग सोपा ठेवला तर आडमार्गाला गिऱ्हाईक कमी मिळतं.

एकदा काम चालू असताना एक तरुण वरून आला आणि काटे बघून थबकला. "अंकल, टायर पंचर हो जाएगा," म्हणाला. त्या साठीच्या गृहस्थांनी हातातली कुदळ टेकवली आणि म्हणाले, "बेटा, मोड़ से जाओगे तो नहीं होगा." मुलगा हसला. मग त्यांनी त्याला खालचा चर दाखवला, मागच्या वर्षी तिथे काय होतं ते सांगितलं आणि घमेलं पुढे केलं. तो तासभर माती वाहत होता. ओरडून पळवलेला माणूस दुसऱ्या दिवशी काटे बाजूला करून जातो. माती वाहिलेला माणूस दुसऱ्याला अडवतो.

काट्यांवरून मला इतिहासातलं एक मोठं कुंपण आठवतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून हिंदुस्थानच्या मधोमध एक सीमाशुल्क रेषा आखली. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, अडीच हजार मैलांच्या घरात. आग्रा आणि झाशीच्या बाजूने ती गेली होती. त्या रेषेवर आधी सुके काटे टाकले, ते वाळवीने खाल्ले, उडून गेले. मग जिवंत काटेरी झाडांचं कुंपण लावलं: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. या कामात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा मोठा हात होता. हो, तेच, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. ऐन भरात या रेषेवर बारा हजारांहून जास्त माणसं पहारा देत होती. तरी मिठाची चोरटी वाहतूक चालूच राहिली, आणि १८७९ साली ती रेषा सोडून दिली. आज ते कुंपण शोधायला गेलं तर बहुतेक ठिकाणी मागमूसही सापडत नाही.

काटे तेच, पण जे कुंपण लोकांवर लादलं होतं त्याला हजारो पहारेकरी पुरले नाहीत, आणि जी बनी गावाने आपली मानली तिला पहारेकरीच लागला नाही. डोंगरातल्या वळणावर टाकलेली कीकरची फांदी या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. ती कुणालाही खरोखर अडवू शकत नाही. ती फक्त सांगते, की इथे कुणीतरी येऊन काम करून गेलं आहे.

आता कुणी विचारेल, शहराच्या कडेच्या दोन-चार वाटांसाठी एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर एका जुन्या कायद्यात आहे. १९०० साली पंजाबात जमीन संरक्षणाचा कायदा झाला. होशियारपूरकडच्या शिवालिक टेकड्यांवरची झाडं गेली होती आणि पावसाळी ओढे, ज्यांना तिथे 'चो' म्हणतात, माती आणि वाळू वाहून आणून शेतं गाडत होते. ती धूप थांबवावी म्हणून हा कायदा. हरयाणा तेव्हा पंजाबात होता, म्हणून तो अरवलीलाही लागू झाला. पुढे गुरगावच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. २०१९ साली हरयाणाच्या विधानसभेने या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने राज्याला खडसावलं. २०२२ च्या जुलैमध्ये न्यायालयाने निकाल दिला की या कायद्याच्या कलम ४ खालच्या विशेष आदेशांतली जमीन जंगलच मानायची. माती वाहू नये म्हणून केलेला सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा आज अरवलीतल्या कितीतरी टेकड्यांचं चिलखत आहे. पण कायदा कागदावर असतो. रात्री कुणी बांधकामाचा राडारोडा आणून ओतला, कुणी भिंत घातली, हे आधी त्यालाच दिसतं जो दर आठवड्याला तिथून जातो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. या डोंगरांत बिबटे आहेत, तरस आहेत, नीलगायी आहेत. असोला-भाटी हे तर अभयारण्यच आहे, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. रान हे सायकलीचं मैदान नाही, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा म्हणता येत नाही. प्रत्येक नवी वाट रानाचे दोन तुकडे करते. म्हणून वळण कापणं ही केवळ बेशिस्त राहत नाही. सायकलवाल्यांना इथे येऊच देऊ नका, असं म्हणणाऱ्याच्या हातात दिलेला तो पुरावा आहे. मरीन कौंटीत नेमकं हेच झालं होतं. जुन्या, ठरलेल्या वाटांवर राहणं, त्यांची संख्या वाढू न देणं आणि जिथे मनाई आहे तिथे न जाणं, एवढ्याच आधारावर या लोकांना तिथे उभं राहता येतं.

आणि लोकांच्या हातून डोंगर सावरतो, याचं उदाहरण गुरगावातच आहे. अरवली जैवविविधता उद्यान. खाणींनी पोखरलेली जवळजवळ १५० हेक्टर जमीन. २०१० पासून महापालिका, 'आय ॲम गुरगाव' ही नागरिकांची संस्था, पर्यावरणाचे जाणकार आणि हजारो स्वयंसेवक यांनी तिथे अरवलीची मूळ झाडं परत आणली. बिया रानातून गोळा करायच्या, रोपवाटिकेत वाढवायच्या, पावसाळ्यात लावायच्या. २ फेब्रुवारी २०२२ रोजी, पाणथळ दिनाला, अभयारण्य नसूनही निसर्ग राखणारी भारतातली पहिली जागा म्हणून या उद्यानाचं नाव जाहीर झालं. तिथेही वाटा आखलेल्या आहेत, आणि तिथेही लावलेल्या रोपांचा शत्रू तोच: वाट सोडून आत शिरणारा पाय.

हे आपल्याला परकं नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर जा, सिंहगडाच्या पायवाटेवर जा. प्रत्येक वळणाच्या आत एक तांबडा उघडा पट्टा दिसेल. तो सायकलींनी नाही, आपल्या बुटांनी पाडलेला आहे. गडांवर श्रमदान करणारी मंडळं बुजलेली टाकी उपसतात, पायऱ्या मोकळ्या करतात. त्यांच्या कामाच्या यादीत हे कापलेलं वळणही हवं.

आपल्या भाषेत 'वळण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. रस्त्याचं वळण आणि मुलांना लावतात ते वळण. दुसरं वळण एका दिवसात लागत नाही, आणि धाकाने लागलं तर धाक गेल्यावर राहत नाही. ते बघून बघून लागतं. अरवलीतल्या त्या मंडळींना दर वर्षी पावसाळ्यानंतर तेच दगड पुन्हा रचावे लागतात, तीच फांदी पुन्हा टाकावी लागते. पण दर वर्षी काटे टाकणारे दोन हात वाढतात.

तेव्हा पुढच्या वेळी डोंगरात गेलात आणि वळणाच्या आत सुक्या फांद्या पडलेल्या दिसल्या, तर त्या बाजूला करू नका. हललेली असली तर एखादी परत जागेवर सरकवा, आणि वळणावरून जा. भेटू पुढच्या भागात.